पावडर लावलेलं मशीन

खराडीच्या साइटवरचा आमच्या छोट्या लोडरमधून तेल गळू लागलं की आमचे एक ठरलेले मेकॅनिक येत. मशीन धुवून कोरडं करत, त्यावर तोंडाची पावडर मारत, चालू करत आणि पावडरीत तेलाची रेघ उमटेपर्यंत चहा पीत. मी घाई केली की म्हणत, "मुहूर्त टळतोय का, साहेब?"

परवा पाइपातून बारीक फवारा दिसला, म्हणून मी बोट लावायला गेलो. त्यांनी मजुरांदेखत माझ्या हातावर फाडकन मारलं. मग तिथे पुठ्ठा धरला. त्याला आरपार भोक पडलं.

"हे दाबाचं तेल कातडीत घुसलं की बोट कापावं लागतं. आता लावा."

मजूर हसले. खरं सांगतो, मला आठवत राहिलं ते हसणंच. संध्याकाळी मी दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर शोधला. शाबूत बोटानं.