स्तारे म्हणजे राहणे

मुलीनं इटलीतल्या मुलाशी लग्न केलं. जावयाशी बोलायला माझं मोडकंतोडकं इंग्रजी पुरलं, पण विहीणबाईंना इटालियनशिवाय काही येत नव्हतं. लग्नात आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या हसत होतो. पुढं मुलीला दिवस गेले आणि मला ते हसणं पुरेना. अमरावतीत घरबसल्या मोबाइलवर मी इटालियनची शिकवणी लावली.

शिकवणारी पुण्याची तरुण मुलगी होती. तिनं लवकरच ‘स्तारे’ हे क्रियापद काढलं. अर्थ, राहणे. पण कशी आहेस हे विचारायचं तरी ‘कोमे स्ताय’, म्हणजे कशी राहतेस. कपडा अंगाला शोभला तरी स्तारे. आणि एखादं काम चालू असलं तरी हेच.

“स्तो मांजान्दो, मी खात आहे,” ती म्हणाली. “इथं ‘राहणे’ कुठून आलं ते विचारू नका, पाठच करा.”

“पाठ काहून करू?” माझ्या तोंडून निघालंच. “आमच्याकडे असंच म्हणतात. मी खाऊन राहिली.”

ती आधी हसली. मग म्हणाली, “अय्या, खरंच की!”

बाळंतपणाला मी जायचं ठरलं होतं, पण व्हिसा येईना. घरात जीव लागत नव्हता. डबे घासून झाले, कपाट दोनदा लावून झालं. शेवटी अकोल्याची बस धरली. नवरा नोकरीसाठी तिथं राहतो.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि त्याचा फोन आला. “जावई फोन काहून नाही उचलत? सकाळपासून लावून राहिलो.”

मी लावून पाहिला. मुलीचा बंद, जावयाचा नुसता वाजत होता. तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन आला. त्या भराभर बोलत होत्या. ‘ओस्पेदाले’ म्हणजे दवाखाना, एवढं कळलं. बाकी सगळं वाऱ्यावर गेलं.

“पियानो, पियानो,” मी ओरडले. हळू बोला.

त्या थांबल्या. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “ला स्तान्नो ओपेरान्दो.” आणि रेंज गेली.

शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला. “काय झालं वं माय?”

“पोरीचं ऑपरेशन करून राहिले,” मी म्हटलं आणि मगच मला रडू आलं. बाईंनी अकोला येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

स्टँडवर नवरा फेऱ्या मारत होता. मी त्याला सांगतच होते, तोच पुन्हा फोन वाजला. विहीणबाई ओरडल्या,

“स्ता प्यांजेन्दो!”

“काय म्हणते?” नवऱ्यानं माझं मनगट धरलं.

“रडून राहिली म्हणते.”

“कोण? आपली पोरगी?”

ते त्या क्रियापदावरून कळतच नाही. “की? की?” मी फोनमध्ये किंचाळले. कोण, कोण?

“ला बांबीना!”

आणि मागून बारीक, चिडका, नवा आवाज ऐकू आला. नात झाली होती. नवरा तिथंच बाकावर बसला.

“पोरीचं विचार ना,” तो म्हणाला.

“स्ता दोर्मेन्दो,” त्या म्हणाल्या. “स्ता बेने.”

झोपून राहिली. बरी आहे. तरी संध्याकाळी मुलीचा फिक्का चेहरा फोनवर दिसेपर्यंत आम्ही दोघंही कुठं धड टेकलो नाही.

व्हिसा मिळून मी इटलीला पोहोचले तेव्हा नात मान धरू लागली होती. विहीणबाईंनी तिला माझ्या मांडीवर दिलं. तिनं मला नीट न्याहाळलं, ओठ काढला आणि जो सूर लावला! त्या त्यांच्या भाषेत चुचकारत होत्या, मी माझ्या. ती कुणाचंच ऐकत नव्हती.