झाडे सरांच्या खुर्चीवर समू

"मी सही करणार नाही," मी म्हटलं आणि पेन झाडे सरांच्या टेबलावर ठेवलं.

झाडे सर म्हणजे आंजीच्या पुढच्या एका लहानशा गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. माणूस मनानं वाईट नाही, पण ऑडिटच्या नावानं घाम फुटणाऱ्यातला. बाजूच्या बाकावर वैशाली बसली होती, चौथीतल्या समूची आई. शेतातल्या निंदणाच्या कामावरून तिला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं, कारण त्या कागदावर तिचीही सही हवी होती.

कागद होता समूला 'होम बेस्ड' करण्याचा. ज्या मुलाला शाळेत येणं शक्यच नाही त्याचं नाव पटावर राहतं आणि शिक्षक अधूनमधून घरी जाऊन शिकवतात. खाटेला खिळलेल्या मुलांसाठी ही चांगली सोय आहे. पण चालत्याबोलत्या पोराला तिथं ढकललं की 'अधूनमधून'चं 'कधीतरी' होतं. आणि सरकारी कधीतरी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून या कागदावर तज्ज्ञाची सही लागते. तज्ज्ञ म्हणजे मी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाव ऐकून अर्ध्या लोकांना वाटतं, मी पोरांना नोकरी लावून देते. माझं काम त्याहून साधं आहे. मुलाला त्याची रोजची कामं स्वतःची स्वतः करता आली पाहिजेत: जेवणं, बटण लावणं, लिहिणं, संडासला जाऊन येणं. फिजिओथेरपिस्ट मुलाला चालायला शिकवतो. चालत शाळेत पोचल्यावर त्यानं तिथं काय करायचं आणि कसं करायचं, ते मी बघते. वर्धेहून एसटीनं गावोगावच्या शाळांत फिरते. कॉन्ट्रॅक्टवर आहे, ते दरवर्षी रिन्यू व्हावं लागतं, त्यामुळे पाय कायम पायरीवर.

"मॅडम, चौथीत आली पोरगी, पन एक ओळ लिहीत नाई," सर म्हणाले. "प्रार्थनेले नीट बसत नाई. खिचडी सांडते. हाताची घडी घाल म्हटलं तं घालत नाई. ऐकतच नाई कोनाचं."

"तुम्ही विचारलं का तिला, का घालत नाही म्हणून?"

"आता त्यात काय विचाराचं?"

मी उठले आणि वर्गात गेले.

समूला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला की काही मुलांमध्ये हे होतं. तिचं डोकं शाबूत, हात बऱ्यापैकी चांगले, पण पायांचे स्नायू सतत ताठ, आवळलेले. वॉकर ढकलत ती शाळेत येते. इथपर्यंत काही अडचण नाही. अडचण शाळेत आल्यावर सुरू होते, कारण या शाळेत बाक नाहीत. सगळी पोरं जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर, मांडी घालून.

आता तुम्ही म्हणाल, मांडीत काय एवढं? ताठ पायांच्या मुलाला मांडी घालायला लावली की पाय त्याला मागे ओढतात. कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतं आणि तोल जातो. तो सावरायला मूल दोन्ही हात जमिनीवर रोवतं. समू तशीच बसली होती. दोन्ही तळवे पट्टीवर दाबलेले आणि पाटी समोर तशीच पडलेली.

मी तिच्याजवळ खाली बसले. "काय गं समू, लिहीत काऊन नाई?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात खाली हाये न माहे. उचलले का पडतो मी."

"हे सरांना सांगितलं का?"

"त्यायनं इचारलंच नाई."

झालं. एवढीच केस होती. माझ्या कॉलेजात यावर अख्खं प्रकरण होतं आणि पोरीनं ते एका ओळीत सांगून टाकलं. बूड आणि पाय नीट टेकले तरच हात मोकळे होतात. तुम्ही स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल.

मी ऑफिसात परत आले. "सर, कॅम्पमध्ये समूचं माप घेतलं होतं. तिची खुर्ची आली असेल."

"आली न! एकदम व्यवस्थित ठेवली हाये," सर एकदम खुलले.

कॅम्प म्हणजे वर्षाकाठी तालुक्याला भरतो तो. तिथं दिव्यांग मुलांची तपासणी होते, मापं घेतली जातात, मग यथावकाश साहित्य येतं. समूसाठी लाकडी खुर्ची आली होती. तिला हाताला टेका, कमरेला पट्टा, पायाखाली फळी आणि पुढे लिहायला ट्रे. ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटामागे उभी होती. अंगावर मूळचं प्लास्टिक, वर दोरी, आणि दोरीला कुलूप.

"सर, ही बाहेर का नाही?"

"शासकीय साहित्य हाये मॅडम. पोट्टे तोडून टाकतीन. साहेब व्हिजिटले आले तं काय दाखवू?"

माझ्या नोकरीत मी हे इतक्या शाळांत पाहिलंय की आता हसूही येत नाही. श्रवणयंत्रं खोक्यात, व्हीलचेअरवर चादर, ब्रेलची पुस्तकं कडीकुलपात. सगळं कसं नवंकोरं! वापरलं तर जुनं होईल ही भीती. पोरं तशीच जुनी होऊन शाळेबाहेर पडतात, त्याचं ऑडिट कोणी करत नाही.

"किल्ली द्या."

"मॅडम, साहेबायले इचारून..."

मी टेबलावरची कात्री उचलली आणि दोरी कापली. कुलूप दोरीला लावलं होतं, हे बरं झालं. प्लास्टिक फाडलं. खुर्ची ओढत वर्गात नेली, वैशालीनं समूला उचलून तिच्यात ठेवलं.

बसेचना. कंबर अडकली, गुडघे ट्रेला भिडले. माप घेतल्यापासून खुर्ची यायला उशीर झाला होता, आल्यावर ती कपाटामागे राहिली होती, आणि तेवढ्यात पोरगी वाढली होती. पोरं वाढतात हो. फाईल वाढेपर्यंत थांबत नाहीत.

दारात झाडे सर उभे होते. "पाह्यलं? मी म्हटलंच होतं," असं तोंडानं नाही म्हणाले, पण चेहरा तेच म्हणत होता. मला राग आला. सरांचा, खुर्चीचा, आणि त्या प्लास्टिकचाही.

एवढ्यात त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तालुक्याच्या ऑफिसातले साहेब होते. सरांनी केव्हाच कळवलं होतं.

"मॅडम, त्या एका सहीसाठी आपलं काम अडलंय," साहेब म्हणाले.

"सर, मुलगी शाळेत येऊ शकते. तिला फक्त नीट बसायला पाहिजे."

"प्रत्येक मुलाला खुर्ची कुठून आणायची?"

"प्रत्येकाला नको. एकीलाच पाहिजे."

साहेबांनी सूर बदलला. मग अगदी गोड आवाजात, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय ना यंदा?"

"हो. ती सही तुमची असते सर. ही माझी आहे." आणि मी फोन सरांना परत दिला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण गोड आवाजातल्या धमकीनं मी जास्तच अडते. आमच्या घरातच हे वळण आहे.

मग मी ऑफिसात गेले आणि सरांची खुर्ची ओढायला लागले. लाकडी, हातांची, पाठीवर टॉवेल टाकलेली. ती शाळेतली एकुलती एक धड खुर्ची. चुकून पाय लागला तर पोरं तिला हात लावून नमस्कार करतात.

"मॅडम! माही खुर्ची कायले?"

"समूला."

"अहो, सारे पोट्टे खाली, अन् एक पोरगी गुरुजीच्या खुर्चीवर? गावात काय म्हनतीन लोकं? ज्याची जागा त्यानं सोडू नये मॅडम."

हे वाक्य सरांनी सहज म्हटलं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझ्या आजोबांना शाळेत वर्गाच्या आत बसू देत नव्हते. ओसरीत बसून, खिडकीतून ऐकून ते शिकले. पुढे दीक्षा घेतली, पोरांना शिकवलं, नातीला शिकवलं. त्यामुळे कोणी कुठं बसायचं हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. अशा वेळी ते फिरलेलंच बरं, असं माझं मत आहे.

"सर," मी म्हटलं, "तिची जागा वर्गात आहे. तुम्ही तीच सोडायला लावून राह्यले."

मी खुर्ची ओढत वर्गात नेली. सिमेंटच्या फरशीवर तिचा असा आवाज झाला की सगळी शाळा बघायला लागली.

मोठ्या माणसाची खुर्ची लहान मुलाला तशीच चालत नाही. बैठक खोल असते आणि पाय लोंबकळतात. मी जुनी सतरंजी गुंडाळून पाठीमागे दिली, म्हणजे समू पुढे येईल. खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडून बसायचे पाट मागून आणले आणि एकावर एक रचून तिच्या पायांखाली दिले. वैशालीनं तिला उचलून बसवलं आणि आपल्या डोक्याच्या दुपट्ट्यानं तिची कंबर खुर्चीला बांधली. समोर टेबल सरकवलं.

समू पाठ टेकेना. "सरायची हाये न," ती हळूच म्हणाली.

"आता तुझी आहे. टेक."

ती टेकली. आधी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. मग उजवा हात सोडला. पडली नाही. डावा सोडला. तरी पडली नाही. तिनं दोन्ही तळवे समोर धरून बघितले. आणि मग, मागोमाग आलेल्या झाडे सरांकडे सरळ बघत, तिनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

वर्गात कोणी हसलं नाही. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

थोड्या वेळानं मी पाटी दिली. सर फळ्यावर साताचा पाढा लिहून गेले होते, तोच तिनं उतरवायला घेतला. आकडे मोठे, वाकडे, एकमेकांवर चढलेले. कधी लिहिलंच नव्हतं, तर वळण कुठून येणार? पण पाढा निम्म्यावर आल्यावर तिनं फळ्याकडे बघणं सोडलं. पुढचा तिला पाठ होता.

सर जवळ आले, वाकून बघितलं. "अक्षर पाहा मॅडम. निरे कोंबडीचे पाय."

इतका वेळ गप्प असलेली वैशाली तेव्हा बोलली. "पन कोंबडी चालून तं राह्यली न सर."

मग ती ऑफिसात गेली, टेबलावरचा तो कागद घेऊन आली आणि सरांच्या हातात दिला. "ठेवा हा. मी बी सही करत नाई. घरी राह्यली तं खाटेवरच राह्यीन माही पोरगी. मी निंदाले जातो तवा कोन पाह्यन तिले? इथं तं पाढे करून राह्यली." पदराला हात पुसत ती कामावर निघून गेली.

आमच्या दोघींच्या सह्या नाहीत म्हटल्यावर तो कागद तिथंच मेला.

नवी खुर्ची आंजीच्या सुतारानं केली. माप मी घेतलं, लाकूड गावातून निघालं. उंची वाढवता येईल अशी भोकं ठेवायला सांगितली, कारण पोरगी वाढणार हे आता सगळ्यांना कळलं होतं. ती येईपर्यंत समू सरांच्याच खुर्चीवर बसली आणि सर प्लास्टिकच्या स्टुलावर. खुर्ची परत देताना समू त्यांना म्हणाली, "सर, तुमच्या खुर्चीचा एक पाय लहान हाये. हालते ते. खाली कागदाची घडी लावजा." सरांनी लावली. समू आता पाचवीत, आंजीच्या शाळेत आहे. अक्षर अजून वाईटच आहे. दिव्यांग म्हणून पेपरात वेळ जास्त मिळतो, त्यात ती सगळा पेपर लिहून येते.

आणि ती लहान पडलेली सरकारी खुर्ची? ती मी एसटीच्या टपावर टाकून केळझरकडच्या एका शाळेत नेली. तिथं पहिलीतल्या एका मुलाला ती बरोब्बर बसली. मला नोटीस आली: शासकीय साहित्य परवानगीशिवाय परस्पर हलवल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला: साहित्य सुरक्षित आहे. सध्या त्यावर एक मुलगा बसलेला आहे. तपासणीसाठी कधीही यावे, फक्त त्याला उठवू नये.

तपासणीला कोणी आलं नाही. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण तालुका बदलून, घरापासून सगळ्यात लांबचा. सकाळी पहिली एसटी पकडते.

नव्या तालुक्यातल्या पहिल्याच शाळेत मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि मुलांच्या फायली काढायला लागले. मी म्हटलं, "फायली नंतर बघू सर. आधी कपाटाची किल्ली द्या."