साडूंचा समुद्र

समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस साऱ्या नागपुरात माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा नसेल. कुठलाही किनारा गाठायचा तर इथून रात्रभराचा प्रवास, आणि तो त्यांनी एकदाही केलेला नाही. चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले, हुडकेश्वरला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. वाऱ्यानं समुद्राचं वरचं पाणी बाजूला सरतं, तळाचं गार, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजतात आणि त्यांच्यामागे तारली, बांगडे लोटतात, एवढी एकच गोष्ट ते भेटेल त्याला सांगतात. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मामेसासऱ्यांना बघायला गेलो, तर त्यांच्या पेजेच्या वाटीत फुंकर घालून यांनी केरळचा किनारा दाखवला. म्हातारा शेवटी म्हणाला, "मास्तर, पेज निवली गा. आता पिऊ का?"

पारशिवनीजवळ त्यांचं शेत आहे, त्यात दहा फूट खोल शेततळं. त्यात मेहुणीबाईंनी रोहू-कतल्याची आठशे बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. वर्षभर कोंडा आणि सरकीची ढेप त्यांनीच टाकली. मासे अर्ध्या किलोचे झाले आणि साडूंना वाटलं, समुद्राचं काम आपणही करावं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यांनी पंपाची नळी थेट तळाशी सोडली आणि ते पाणी वर ओतायला सुरुवात केली. मी बांधावरच होतो. तासाभरात तळं काळं पडलं, सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. मासे तोंडं वर काढू लागले.

"पाहा, वर येऊन राहिले! खायले येऊन राहिले वं," साडू आनंदानं ओरडले.

"खायले नाही, मरायले!" मेहुणीबाई धावत आल्या. "बंद करा तो पंप! भाऊजी, तुम्ही काहून पाहत बसले?"

तळाशी वर्षभराची उरलेली ढेप कुजत होती. त्या पाण्यात प्राणवायू नव्हताच, आणि आम्ही तेच वर आणत होतो. भूगोलाच्या मास्तरांना हे कळायला फार वेळ लागला नाही. त्यांनी स्वतःच नळी वर ओढली, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि वरचं पाणी उंच फवारत चार तास उभे राहिले, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मेहुणीबाईंनी हाक मारली तरी वर आले नाहीत. एकशे बारा मासे गेले, मी मोजले. बाकीचे वाचले.

त्यानंतर ते समुद्राबद्दल बोलत नाहीत. पहाटे तळ्यावर जातात, काठाशी उकिडवे बसून मासे श्वासाला वर येतात का ते बघतात. परवा मला राहवलं नाही. मी विचारलं, "यंदा केरळात कसं काय?"

"तिथं वारा आहे न गा," ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्याले त्याचं काम समजते."