पाळी गेलेली बाई

शेवटच्या भेटीत मी सरिताच्या ओठांना कापसानं पाणी लावत होते. ती माझी धाकटी जाऊ. दोन दिवसांनी हॉस्पिटलातून दिराचा फोन आला, "वयनी, गेली." मला रडू आलं नाही, राग आला. महिना झाला, तो अजून उतरलेला नाही...

तळवलीत आमची बिल्डिंग, खाली भाडेकरू, वर आम्ही. घरात बोलणारी तोंडं भरपूर. सरिताला छातीचा कॅन्सर झाला तेव्हा जो तो डॉक्टर झाला. हळद घे, गोमूत्र घे. खऱ्या डॉक्टरांनी पाळणा लांबवायच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या, या आजारात त्या चालत नाहीत म्हणून. त्याऐवजी काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. शेजारी नवरा, मागे सासू, विचारणार कशी? केमोनं केस गेले, पाळी गेली. दर तपासणीला एकच प्रश्न, "पाळी येते?" "नाही." झालं! सगळ्यांनी, अगदी तिनंही, गृहीत धरलं की आता दिवस राहायची काळजी मिटली. सासूबाई तर म्हणाल्या, "आता तुला कसली अडचन नाय. देवाचा सगला तूच कर." त्या वर्षी गौरीचा नैवेद्य सरितानं एकटीनं रांधला, टकलावर पदर घेऊन. "ताई, आजाराचा हा एक फायदा," म्हणाली आणि हसली.

पुढे मळमळ सुरू झाली, ती औषधाची. पोट वाढलं, तेही औषधानंच. यकृताची सोनोग्राफी करायला गेली, तर पोटात बाळ निघालं. पाचवा महिना. यकृतावर डागही निघाले... एकाच दुपारी, एकाच मशीनवर. मग ज्यानं त्यानं तिलाच विचारलं, "तुला कळलं नाही?" नवऱ्यानंसुद्धा! बाळ ठेवावं तर पुढचं औषध देता येणार नव्हतं, आणि आधीच्या औषधांनी त्याचं काय झालं असेल, याची कुणालाच खात्री नव्हती. घरी आठ वर्षांची लेक. "तिच्यासाठी जगायचंय मला," म्हणत तिनं बाळ काढायच्या कागदावर सही केली. दुसरा हात पोटावर होता. ते मला दिसायला नको होतं.

घरी आली तेव्हा रक्त जात होतं. सासूबाईंनी गॅलरीत चटई टाकली, तांब्या वेगळा ठेवला. "रगत थांबेपर्यंत देवाला शिवू नको गो." त्या काही दुष्ट नाहीत, केमोच्या दिवशी डबा घेऊन त्याच बसायच्या. तरी बोलल्या. सरिता भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "बघा ताई, मी परत बाई झाले."

पुढचं औषध लागूच पडलं नाही. ज्या जगण्यासाठी तिनं बाळ दिलं, ते जगणं तिला मिळालं नाही.

तेरावं झालं, घर धुतलं, तिच्या साड्या वाटून टाकल्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला रडत सांगतात, "देवाचा किती करायची गो माझी सून." गॅलरीतली चटई मात्र तशीच अंथरलेली आहे. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, आठवण म्हणून ठेवलीय. तसं नाही. तिला कोणी शिवत नाही.