जिवतीचा कागद आणि आजींची भिंत

इथे परदेशात, पार्सिपनीत, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि घरमालकीण खाली, एकटीच, पोलंडची, सत्तरीच्या पुढची, तिला आम्ही आजीच म्हणतो. आमच्या हॉलच्या भिंतीला निळ्या फुलांचा कागद आहे, तो तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी लावलेला, आता तो नाही, कागद आहे. राहायला आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, भिंतीला खिळा नको, टेप नको.

श्रावणात सासूबाईंनी कुणाच्या तरी बॅगेतून जिवतीचा कागद पाठवला. लेकरांना जपणारी ती देवी, दर शुक्रवारी तिची पूजा करायची. माझी मुलगी सहा वर्षांची, तेव्हा सारखी तापाने फणफणायची, आणि मी मुळात घाबरट, त्यात दहावी नापास, इथल्या डॉक्टरचं अर्धंच कळायचं. आमच्याकडे जिवती भिंतीवर चिकटवतात. मला वाटलं, खिळा नको, टेप नको, पण खळ चालेल की! म्हणून कणकेची खळ शिजवली आणि दिली चिकटवून.

श्रावण संपल्यावर कागद ओढला तर निळी फुलंसुद्धा त्याच्याबरोबर आली, हातभर पट्टा, मागे नुसती पांढरी भिंत. आता आजी घर खाली करा म्हणणार. नवऱ्यालाही सांगितलं नाही, धुण्याच्या बास्केटवर बास्केट ठेवून ते झाकलं.

आजीला माझा चहा आवडतो. एका मंगळवारी ती दोन मैत्रिणींना घेऊनच वर आली, एक हॉलंडची, एक स्पेनची. बसायला जागा करायची म्हणून मुलीने शहाण्यासारखं त्या बास्केटा सरकवल्या.

आजी उठून भिंतीजवळ गेली. त्या जागेवरून बोटं फिरवली. मग मुलीकडे वळून इंग्लिशमध्ये विचारलं, "तू फाडलंस?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. आणि मी, मी चहा गाळत राहिले.

स्पेनवाली मध्येच म्हणाली, "जाऊ दे गं, लेकरू आहे. माझ्या नातवाने तर भिंतीवरचा अख्खा पापेल पिन्तादो सोलला होता."

"काय सोलला?" आजी म्हणाली. "तापेता म्हण. निम्मा युरोप तेच म्हणतो."

"आमच्याकडे तापेते टेबलावर घालतात! भिंतीवर कोण लावतं?" स्पेनवाली उसळली.

हॉलंडवाली म्हणाली, "दोघी चुकताय. बेहांग. भिंतीवर टांगल्यासारखं असतं म्हणून बेहांग, सोपं आहे."

"चिकटवलेलं आहे, टांगलेलं कुठे दिसलं तुला?" स्पेनवाली म्हणाली.

"आमच्याकडे तोंडाला जास्त मेकअप थापला की त्यालाही तापेता म्हणतात," असं म्हणून आजीने स्पेनवालीच्या गालाकडे बोट दाखवलं, आणि तिघी खो खो हसायला लागल्या.

मला वाटलं, बरं झालं, विसरल्या. खरंच असं वाटलं मला. मुलगी मात्र तिथेच उभी, फ्रॉकचं टोक तोंडात, नजर माझ्यावर.

मग हॉलंडवालीने मला विचारलं, "तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

काय सांगू? आमच्याकडे भिंतीला चुना. माहेरी तर शेणामातीच्या भिंती, त्यांना कसला आलाय कागद. लाजच वाटली. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, नो वर्ड. आमच्या भिंतीवर एकच कागद, वर्षातून एकदा, देवीचा, बेबीसाठी. आणि ते म्हणतानाच लक्षात आलं, ज्या बेबीसाठी तो कागद लावला तिलाच मी पुढे केलं होतं. मी म्हणाले, "आय डिड. नॉट शी. मी."

कुणीच हसलं नाही.

आजी हळूच म्हणाली, "मी तिला विचारलं तेव्हा तू ऐकत होतीस."

"येस."

तिने उरलेला चहा संपवला. घर सोडा म्हणाली नाही. खाली तळघरात त्याच कागदाचा रोल शिल्लक आहे, शनिवारी लावू, म्हणाली, तू धरायचं, मी चिकटवणार. "आणि तुझी देवी पुढच्या वर्षी फ्रीजवर. मॅग्नेटने." मग माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाली, "सॉरी, डार्लिंग." माझ्याआधी तिने म्हटलं.

त्या गेल्यावर मी मुलीला जवळ ओढलं, सॉरी बाळा, सॉरी, किती वेळा म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, आई." मग मराठीत, तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "पण तू किती वेळ चहा करत होती."