पुलावर अडकवलेली अक्का

अन्याय आमच्या अक्कावर झाला. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भर दुपारी, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन अख्खं पाचोरा आडवं झालं होतं तेव्हा. करणारे परके नव्हते. जळगावचे होते, शिकलेले होते, आणि तिच्यासारखेच एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची वाट बघत होते.

अक्का म्हणजे माझी आत्या. सासर धुळ्याचं, धंदा शिवणकामाचा, आवाज चौकापर्यंत जाणारा. दर आखाजीला ती माहेरी येते. बाकीच्या माहेरवाशिणी झोक्यावर, पुरुष ओट्यावर पत्ते कुटायला, आणि अक्का टीव्हीसमोर मांडी ठोकून, हातात कंट्रोलर. शेजारी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील. त्यांना सगळे बापू म्हणतात. दोघांनी मिळून खेळायचा तो गेम. नाव इंग्रजी आणि लांबलचक, आमच्या घरात मात्र ‘पुलाचा गेम’. पहिल्या भागाच्या शेवटी दोन बहिणी पुलावर असतात, पूल तुटतो, एक लोंबकळते, दुसरीने तिचा हात धरलेला, आणि पडदा काळा. पुढचं पुढच्या भागात. तो भाग ‘येतोय’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आता मी चौकात अशी पत्रकं वाटतो, तरी तो येतोच आहे.

ट्रेलर आला की अक्का आधी कंट्रोलर हातात घ्यायची. बापू म्हणायचे, “अक्का, हाई नुसतं दखाडाले शे, खेळाले नही.” ती बटणं दाबतच राहायची. “हालस का काही? नही ना हालस? मंग हाऊ गेम नही शे, पिक्चर शे.” आणि टीव्ही बंद.

एके वर्षी कंपनीने जाहीर केलं, येत्या उन्हाळ्यात नक्की. अक्काने भर लग्नसराईतले ब्लाउज नाकारले आणि आखाजीच्या कितीतरी आधी येऊन बसली. आमचा उन्हाळा संपला, पेरण्या झाल्या, पोळ्याला बैल सजले, तरी कंपनीचा उन्हाळा चालूच. मग निवेदन आलं: दर्जाशी तडजोड नको, म्हणून पुढे ढकलत आहोत. अक्का भडकली. “कापड कापेल नही, आनि गिऱ्हाइकले तारीख देतस!” कापडाला कात्री लागल्याशिवाय तिने कुणाला ब्लाउज न्यायला यायचा दिवस सांगितलेला नाही, बाई दारात बसून राहिली तरी. त्यानंतर कंपनीच्या एकाही तारखेवर तिने विश्वास ठेवला नाही.

अविश्वास म्हणजे प्रेम आटलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अक्काची बोटं बघावीत. संधिवाताने वाकलेली, दरवर्षी थोडी जास्तच. अंगठा गरम पाण्यात शेकून ती पहिला भाग पुन्हा पुन्हा खेळायची. दुसरा भाग तिला कुणी खेळताना बघायचा नव्हता. लोंबकळणाऱ्या त्या पोरीला स्वतःच्या हाताने वर ओढायचं होतं. म्हणायची, “कंपनीले टाईम शे, मना बोटेसले नही शे.”

बापूंनी तिला जळगावच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं होतं. यंदा आखाजीला नवा ट्रेलर आला आणि ग्रुप पेटला. जो तो आगाऊ बुकिंगचे फोटो टाकायला लागला. अक्काने एका बोटाने, सावकाश लिहिलं: “कोणी एक मिनिट तरी खेळताना दाखवलंय का? दाखवेपर्यंत बुकिंग करू नका.”

ॲडमिनचं उत्तर आलं: “काकू, हा गेमर्सचा ग्रुप आहे. पापड-कुरडयांचा वेगळा असेल.”

खाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. एकाने लिहिलं, “निगेटिव्ह लोकांमुळेच वाट लागते.” मग तिला ग्रुपमधून काढून टाकलं. बापू तावातावाने फोन लावायला उठले. अक्का म्हणाली, “राहू दे रे. पोरंच शेतस. त्यासना अंगठा आजून चालतस.”

त्याच दुपारी दोघं जुना गेम लावून बसले. पुलावर बटण दाबून धरावं लागतं. अक्काचा अंगठा सुटला. पुन्हा धरलं, पुन्हा सुटला. तिने कंट्रोलर बापूंच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बघत बसली. तिला नुसतं बघत बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

महिना उलटायच्या आत कंपनीने तारीख पुन्हा ढकलली. ग्रुपमधल्या एकानेही अक्काला फोन केला नाही. उलट तिथे लिहून आलं, कलेला वेळ लागतो.

लागतो ना. पण हा वेळ कुणाच्या हातातून काढून घेतला जातोय? धुळ्यातल्या एका बाईचा राग कंपनीपर्यंत पोचत नाही. तुमची आगाऊ बुकिंगं बरोबर पोचतात, आणि त्यांच्याच जोरावर पुढची तारीख ढकलली जाते. तेव्हा त्या ग्रुपमध्ये असाल, तर सगळ्यांदेखत अक्काची माफी मागा. आणि ग्रुपमध्ये असा-नसा, बुकिंग केलं असेल तर ते रद्द करा. उद्या नाही. हे वाचून झालं की लगेच.