सिस्टरची मोफत पानं

निवृत्तीनंतरही तिला कोणी नावानं हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांची ती सिस्टर. धाकटी बहीण म्हणायची, "सख्खी मी, आणि सिस्टर मात्र गावाची!" ताई दर वेळी हसायची, जणू विनोद आजच निघाला आहे.

तिची सगळी नोकरी पुरुषांच्या वॉर्डात गेली. पेशंट घरी जायला निघाला की नातेवाइकांच्या हाती पडणारा कागद इंग्रजीत असे. ते तो घडी घालून खिशात ठेवत, दारापर्यंत जात आणि परत येत. "सिस्टर, म्हणजे घरी नेमकं करायचं काय?" मग ती रिकाम्या खाटेवर स्वतः आडवी होई. "हं, मी तुमचे वडील. वळवा मला." मोठमोठे गडी लाजून तिच्या खांद्याला बोट लावत. "अहो, मला गुदगुल्या नका करू, वळवा!" अख्खा वॉर्ड हसे, पण माणूस शिकून जाई.

नोकरी संपल्यावर तिला वाटायला लागलं, हे सगळं आपल्या भाषेत लिहून ठेवलं पाहिजे. ज्याच्या हातात फोन आहे त्याला ते एक पैसा न देता मिळालं पाहिजे. धाकटी कॉलेजात ग्रंथपाल होती, संकेतस्थळ कसं काढतात ते तिला ठाऊक होतं. दर रविवारी दोघी जेवणाच्या टेबलावर बसत. ताई बोले, धाकटी टाइप करी आणि कात्री चालवी.

"ताई, हे वाक्य आहे की मालगाडी?"

"मग तू कर ना छोटं."

धाकटी क्षणभर पेन चावी आणि म्हणे, "उचलू नका, वळवा. उचललंत तर कंबर तुमची जाईल आणि कातडी त्यांची." ताई थक्क होऊन बघत राही. आई गेल्यावर जिच्या वेण्या घातल्या, जिला पाढे शिकवले, ती पोर असं लिहिते! ज्ञान ताईचं, वाक्य धाकटीचं. कुणाचं किती, हे मोजायचं दोघींच्याही मनात आलं नाही. निदान ताईच्या तरी नाही.

पहिलं पान चढवताना धाकटी म्हणाली, "खाली एक ओळ लागते. इतरांनी हे कसं वापरायचं ते सांगणारी. 'हे लेखन मुक्त आहे' असं लिहू?"

"मुक्त?" ताई दचकलीच. "अगं, वॉर्डात आम्ही 'मुक्त झाले' कधी म्हणतो, ठाऊक आहे ना? बापाची कूस बदलायला बसलेल्या माणसानं शेवटी ते वाचायचं?"

धाकटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बरं बाई. मग काय लिहू?"

"मोफत लिही. स्वच्छ शब्द आहे."

धाकटीनं मोफत लिहिलं.

पानं वाढत गेली. जखम धुणं, नळीतून भरवणं, झोपलेल्या माणसाचे केस धुणं. कुठल्या कुठल्या गावांहून निरोप येत. कुणी चूक दाखवी, कुणी नुसतंच लिही, "वडिलांना आज खुर्चीत बसवलं." ताई ते निरोप धाकटीला फोनवर वाचून दाखवी.

मग एका सकाळी कोपऱ्यावरचा शिंपी दारात आला. खांद्यावर टेप तसाच. आत यायला तयार नव्हता.

"सिस्टर, तुम्हीपण दुकान मांडलंत वाटतं. मांडा, मांडा, तुमचा हक्कच आहे. पण आईच्या कमरेवर लाल चट्टा उठलाय, म्हणून म्हटलं तोंडीच विचारावं."

"कसलं दुकान?"

त्यानं फोन पुढे केला. कूस बदलण्याचं पान. वरच्या दोन ओळी दिसत होत्या, खाली सगळं धुरकट, आणि त्यावर कुलपाचं चित्र: पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा. वर एका संस्थेचं नाव होतं. त्याखाली, संपादक म्हणून, धाकटीचं.

शिंप्याला चट्ट्याचं काय करायचं ते सांगून ताई तडक कॉलेजात गेली. धाकटी पुस्तकांवर शिक्के मारत होती.

"ये ताई. मी येणारच होते तुझ्याकडे."

"कधी?"

धाकटीनं शिक्का खाली ठेवला. "संस्था मोठी आहे. देखभाल त्यांची, माणसं त्यांची. मी निवृत्त झाले की त्यांचा हा विभाग मीच बघणार आहे. नाहीतर माझ्या मागे ती पानं कोणी सांभाळली असती?"

"आणि मला विचारायचं?"

"तू नाही म्हणाली असतीस. शिवाय संकेतस्थळ माझ्या नावावर होतं, आणि खाली तूच मोफत लिहायला लावलंस. मोफत म्हणजे घेणाऱ्याला पैसे पडत नाहीत. संस्थेला पडले नाहीत. घेतल्यावर तिनं काय करावं, ते त्या शब्दात येत नाही. ते 'मुक्त'मध्ये येतं. कोणीही घ्या, छापा, बदला, वाटा, पण कुलूप लावू नका."

ताईनं विचारलं, "हे तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"ग्रंथपालाला माहीत नसणार तर कुणाला?"

"आणि तू हसत होतीस."

"हसू खरंच आलं होतं गं," धाकटी म्हणाली आणि पुढचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं एकटीनं, एका बोटानं टाइप करत, कुशीचं पान नव्यानं लिहिलं. पान कसं चढवायचं ते शिंप्याच्या बायकोकडून शिकून घेतलं आणि ते दुसऱ्या संकेतस्थळावर, सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. खाली मुक्त असं लिहिलं, आणि कोणी घाबरू नये म्हणून त्याचा अर्थही. लिहिताना तिला कुठे अडलं नाही. वाक्यं आपोआप येत गेली.

आठवडाभरात धाकटीचा फोन आला. आवाज कचेरीतला होता.

"ताई, संस्थेचं म्हणणं आहे की तुझ्या नव्या पानातली चार वाक्यं जशीच्या तशी आमची आहेत. ती काढावी लागतील."

"कुठली?"

धाकटीनं वाचून दाखवली. उचलू नका, वळवा. कंबर तुमची, कातडी त्यांची. ताईनं चारही ऐकून घेतली. ती वाक्यं धाकटीचीच होती. जेवणाच्या टेबलावर, तिच्यादेखत झालेली.

"काढते," ती म्हणाली. "फोन ठेव."

त्या जागी तिनं आपली वाक्यं घातली. लांबलचक, ओढत चाललेली, प्रत्येकात तीन वेळा 'जेणेकरून'. दुपारी शिंप्याच्या बायकोनं फोनवर विचारलं, "सिस्टर, काल होतं ते कळत होतं हो. आता खांदा आधी धरायचा की गुडघा?"

"गुडघा दुमडून घे आधी. थांब, येतेच मी," ताई म्हणाली आणि चपला पायांत सरकवल्या. कोपऱ्यापर्यंतच जायचं होतं. जे लांबच्या गावांतून वाचत होते, त्यांच्याकडे कसं जायचं, ते जिना उतरून झाला तरी तिला सुचलं नाही.